काठवटीत उरलेलं

उस्तिनाला तिच्या खऱ्या नावानं हाक मारणारी गावात दोनच माणसं. एक पाद्री, कारण ते नाव त्यानंच ठेवलं होतं, आणि दुसरा पोस्टमन, कारण त्याला पाकिटावरचं वाचावं लागे. बाकी सगळ्यांना ती विश्क्रेबोक.

विश्क्रेबोक म्हणजे खरवड. पावाचे गोळे भट्टीत सारायच्या फावड्यावर चढले, की काठवटीच्या कडांना आणि तळाला चिकटून राहिलेलं पीठ सुरीनं खरवडायचं, त्याचा मुठीएवढा पाव थापायचा आणि भट्टीच्या तोंडाशी ठेवायचा. त्या पावाला विश्क्रेबोक म्हणतात. आणि या बाईच्या कुशीत आता काही उरलं नसेल, असं सगळे धरून चालले असताना जे मूल येतं, त्या शेंडेफळालाही तेच म्हणतात. आधी पावाला म्हणत की आधी पोराला, यावर आमच्याकडचे म्हातारे दारूच्या दुसऱ्या पेल्याला भांडतात आणि तिसऱ्या पेल्याला दोघंही बरोबर असतात.

उस्तिना हिम्काचं नववं मूल. ती झाली तेव्हा हिम्का शेहेचाळीस वर्षांची होती. तेव्हा हे नाव तिला चिकटलं यात कुणाला नवल वाटलं नाही, तिलाही नाही.

एक गोष्ट मात्र लोकांना विचित्र वाटे. दुसऱ्या घरी खरवडीचा पाव जे पोर आधी भोकाड पसरेल त्याला मिळतो. हिम्काच्या घरी तो फक्त उस्तिनाला. दर शनिवारी, भट्टीतून निघाल्या निघाल्या, आणि शेवटचा कण घशाखाली उतरेपर्यंत हिम्का तिच्या पुढ्यात उभी. उस्तिनाचं लग्न झालं, नवरा पानास घरजावई म्हणून आला, तिच्या केसांत पांढरं दिसायला लागलं, तरी शनिवार चुकला नाही.

"सासूबाई, बायको माझी, पण चारा तुम्ही घालता," पानास म्हणायचा.

हिम्का एरवी फटाफट उत्तर देणारी बाई. पण या थट्टेला ती कधी हसली नाही.

उस्तिनाला आणखी एक खोड होती. शेतावर निघाली की अर्ध्या वाटेतून परत यायची. दाराला कडी लावली का? गाय बांधली का? दार लावलेलं असे, गाय बांधलेली असे. तरी आपलं काहीतरी मागे राहिलंय हे तिच्या मनातून जात नसे. चर्चमध्ये मेणबत्ती लावताना मागे वळून बघायची. हात उन्हाळ्यातही गार. आणि पोट कधी भरलं असं वाटायचंच नाही. शनिवारी तो मुठीएवढा पाव खाल्ला की तासभर सगळं ठीक असायचं, हात गरम, मन जागेवर. सगळ्यांचंच असं असतं, अशी तिची समजूत होती.

पहिलं बर्फ पडायच्या आत हिम्का गेली. जाताना पूर्ण शुद्धीत होती. पोरीचा हात तिनं घट्ट धरला.

"काठवट धुवायची नाही."

"नाही धुणार, आई. तुम्ही पडून राहा."

"खरवडीचा पाव दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही. पानासलासुद्धा नाही."

"नाही देणार."

"आणि तिला उपाशी ठेवू नकोस."

उस्तिनाला वाटलं, गाईबद्दल बोलतायत. काठवटीबद्दल असेल असंही वाटलं, कारण ती ओकच्या फळ्यांची, झाकणाची काठवट हिम्कानं पोटच्या पोरीसारखी जपली होती. दह्याला विरजण ठेवावं तसं आंबलेलं पीठ आम्ही तळाशी ठेवतोच, काठवट नुसती खरवडतो, धूत कुणीच नाही. पण हिम्का थंडीत तिला स्वतःचा मेंढीच्या कातड्याचा कोट घालायची आणि स्वतः कुडकुडायची.

फेब्रुवारीत उस्तिनाला मुलगा झाला. अडतिसाव्या वर्षी, दोनदा पोटातच गेल्यानंतर. लेव्को त्याचं नाव. पानासनं आनंदाच्या भरात तीन नवीन लाकडं सरपण समजून दारात फोडली आणि मग ती कुंपणाची होती हे त्याच्या लक्षात आलं.

तीन आठवड्यांत तो आनंद ओसरला. लेव्को रडत नव्हता. दूध तोंडात घ्यायचा आणि ते ओठांच्या कडेनं तसंच बाहेर यायचं. चेहरा सुरकुतलेला, कपाळावर आठ्या, जुन्या माणसाचे डोळे. सरकारी कंपाउंडर येऊन गेला. थेंब दिले, जिल्ह्याच्या दवाखान्यात न्या म्हणाला, मग खिडकीतून नदीकडे पाहिलं आणि पिशवी आवरली. बर्फ फुटायला लागलं होतं. दवाखाना नदीपलीकडे आणि नदीचा उतार बंद, आणखी दहा दिवस तरी पलीकडे कुणी जाणार नव्हतं. दहा दिवस लेव्कोजवळ नव्हते. हे उस्तिनाला कळत होतं आणि तिच्याकडे बघायचं टाळणाऱ्या पानासलाही कळत होतं.

तेव्हा तिनं ओदार्का आजीला बोलावलं. ओदार्का गावची जुनी सुईण, नव्वदीची. एक डोळा गेलेला आणि दुसरा कुणालाही नको इतका तीक्ष्ण. तिनं पोराला उलटं केलं, पाठीवर बोट फिरवलं, मान हुंगली.

"कच्चा आहे," ती म्हणाली. "पोटात पुरता भाजला गेला नाही. परत भाजायला लागेल."

हे ऐकून दचकणारं माणूस आमच्या गावात नाही. पोर असं म्हातारं जन्माला आलं, की त्याला नाकतोंड सोडून पिठात लिंपायचं, पाव सारायच्या फावड्यावर निजवायचं आणि कोमट भट्टीत तीनदा आत-बाहेर करायचं. मग पीठ खरवडून काढायचं. दुखणं पिठाबरोबर निघून येतं. ते पीठ कुत्र्याला घालायचं किंवा वाहत्या पाण्यात सोडायचं. कंपाउंडरला सांगायचं नाही, एवढाच नियम नवीन.

"पीठ आईच्या घरचं लागतं," ओदार्का म्हणाली. "तुझं तर हेच माहेर. काठवट कुठाय?"

उस्तिनानं कोपऱ्यातली काठवट दाखवली. ओदार्कानं वरचा कोट बाजूला केला, झाकण उचललं आणि आत पाहत राहिली.

"ही हिम्कानं कधी धुतली?"

"कधीच नाही."

"कधी रिकामी केली? एकदा तरी?"

"नाही आजी. का?"

ओदार्का बाकावर बसली. बोलली ते पोराबद्दल नव्हतं.

"तुला विश्क्रेबोक का म्हणतात गं?"

"शेंडेफळ म्हणून. आता तुम्हीही चेष्टा करणार का?"

"ते लोकांनी मागाहून धरलं. ते नाव मी ठेवलं, तू जन्मलीस त्या सकाळी, आणि तुला नाही ठेवलं." तिनं काठवटीकडे हनुवटी केली. "त्याला ठेवलं."

उस्तिना लेव्कोला छातीशी धरून उभी राहिली.

"भुकेचं वर्ष होतं," ओदार्का सांगू लागली. "तू आलीस ती काळीनिळी, माझ्या तळव्याएवढी. घरात पीठ म्हणजे या काठवटीत चिकटलं होतं तेवढंच. हिम्कानं नखांनी खरवडून काढलं. जेमतेम पुरलं तुला. तीनदा भाजली. मग मी पीठ काढून वाडग्यात टाकलं आणि म्हटलं, जा, नदीत सोडून ये. कुत्रं कुठलं असायला त्या वर्षी! तर हिम्का म्हणाली, घरात खाणारी आठ तोंडं आणि मी पीठ नदीत टाकू?"

"खरंच होतं ना मग ते."

"बोलायला खरं होतं. कारण ते नव्हतं." ओदार्कानं आवाज खाली आणला. "फळीवर तू होतीस. गप्प. आणि रडणं वाडग्यातून येत होतं."

भट्टीत एक लाकूड खाली घसरलं.

"हिम्कानं दोन्ही उचललं. एका हातात तू, एका हातात ते. मला विचारते, ओदार्का, यातली माझी कुठली? मी म्हटलं, वेडी झालीस का, खरवड ती खरवड, टाक. तर म्हणाली, खरवडून काढलं ते कोण आणि उरली ती कोण, तेवढं सांग, टाकते. मला काही सांगता येईना. आजही येत नाही. तिनं ते परत काठवटीत ठेवलं, झाकलं, आणि मग तू श्वास घेतलास."

"आणि शनिवारी..."

"शनिवारी त्यातलं थोडं तुला. वर नवीन पीठ त्याला. दोघींना जगवलं बाईनं. अडतीस वर्षं."

उस्तिनाला एकेक आठवायला लागलं. नऊ वर्षांची असताना तिला ताप आला होता. तेव्हा काठवटीतलं पीठ पंधरा दिवस बसून गेलं होतं आणि आई तिच्या उशाशी न बसता काठवटीशी बसली होती. याचा राग तिच्या मनात अजून होता. लग्नाच्या दिवशी तेच पीठ झाकण उचलून जमिनीवर आलं होतं आणि पाहुणे पोट धरून हसले होते. आत्ता काठवटीवरचा कोट हळूच वर होत होता, हळूच खाली जात होता. तिनं आपला श्वास रोखून पाहिला. कोटही थांबला.

"दुसऱ्या घरचं पीठ चालवा ना आजी," ती म्हणाली. "पाया पडते."

"चालत असतं तर मी हे तोंड उघडलं असतं का? सगळं लागेल, खरवडीसकट. आणि या वेळी नदीतच जायला हवं. परत आत ठेवलंस, तर हा बाप्याही जन्मभर तुझ्यासारखा अर्ध्या वाटेतून मागे फिरेल."

"आणि त्यात माझं जे आहे ते?"

"तेही जाईल."

"मग माझं काय होईल?"

"मला काय ठाऊक? असं करून कुणी मला सांगायला आलेलं नाही."

उस्तिनाला त्या क्षणी आईचा भयंकर राग आला. इतका, की थडग्यावर जाऊन भांडावंसं वाटलं. आयुष्यभर अर्धं पोट दिलंत आणि वर त्याला माया म्हटलंत! मग तिनं लेव्कोच्या कपाळावरच्या आठ्या पाहिल्या आणि ती भट्टी झाडायला लागली.

सकाळी उजाडता उजाडता दोघींनी काम सुरू केलं. पानासला बाहेर काढलं होतं. अशा वेळी पुरुषमाणूस घरात नको, तो मध्येच प्रश्न विचारतो. तो अंगणात कुत्र्याशेजारी कुडकुडत बसला. उस्तिनानं काठवट लाकूड दिसेपर्यंत खरवडली. तळाचं लाकूड ती पहिल्यांदाच पाहत होती, फिकट, लहान मुलाच्या पाठीसारखं. घर गार होतं आणि पीठ अंगाएवढं गरम होतं.

पोराला लिंपलं. ओदार्का आजी खिडकीबाहेर जाऊन उभी राहिली आणि रीतीप्रमाणे विचारू लागली.

"काय भाजतेस?"

"कच्चं भाजते," उस्तिना म्हणाली.

"भाज, पुरतं भाज. काही उरायला नको."

असं तीनदा. फावडं आत गेलं, बाहेर आलं. भट्टी इतकीच उबदार होती की हात घालून सावकाश तीस मोजता यावेत. तिसऱ्यांदा बाहेर काढून तिनं पोराला फळीवर ठेवलं, लाकडी चमच्यानं पीठ उतरवलं आणि वाडग्यात जमा केलं. कानामागचं, बगलेतलं, बोटांच्या बेचक्यातलं, काही सोडलं नाही.

लेव्को हलला नाही. ओठ निळे.

आधी दूध उतू जाताना येतो तसा आवाज आला. मग वाडग्यातून रडणं ऐकू आलं. एक नाही, दोन. एक नवं, कोवळं. दुसरं थकलेलं, खूप वर्षं ऐकून न घेतलेलं, आणि ते आपल्याच आवाजातलं आहे हे उस्तिनाला कळायला क्षणही लागला नाही.

"बघू नकोस," दारातून ओदार्का ओरडली. "उचल आणि चालायला लाग!"

तिनं वाडगा उचलला. उंबऱ्याशी कुत्रं आलं, हुंगलं, आणि शेपूट पायांत घालून गाडीखाली शिरलं. पानास उठला, तिच्या हातातला वाडगा पाहून परत बसला. त्याला नंतर पुष्कळांनी विचारलं, पण त्यानं काय पाहिलं ते कधी सांगितलं नाही.

गोठ्यामागून नदीपर्यंत शंभर पावलं. निम्म्या वाटेत वाडग्यातल्या कशानं तरी तिचं बोट धरलं. तान्हं पोर धरतं तसंच, पूर्ण मुठीनं. तिच्या छातीतून दूध आपोआप वाहायला लागलं, पोलकं भिजलं. मागे घरात सामसूम होती. इथं वाडग्यात रडणं होतं, ऊब होती, मूठ होती. तिथं फळीवर काय होतं?

यातला माझा कुठला?

कालपासून ती आईला शिव्या देत होती. आता एकही शिवी आठवेना. मागे वळून हे काठवटीत ठेवणं किती सोपं होतं. वर कोट घालायचा, शनिवारी खरवड काढायची. दोघंही जगले असते. जगले असते, पण कसे? अर्ध्या पोटी जगणं म्हणजे काय, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. जे कुणी फळीवर पडलं असेल, ते पूर्ण असू दे, एवढंच तिला हवं होतं.

तिनं आपलं बोट सोडवून घेतलं. सोपं गेलं नाही. ते पाण्यात ओतायचं होतं, पण ओतणं तिच्यानं झालं नाही, म्हणून तिनं वाडगाच पाण्यावर ठेवला. बर्फाच्या दोन तुकड्यांमधून तो निघाला, गोल फिरला आणि रडणं वळणापलीकडे गेलं.

तेवढ्यात घरातून किंकाळी आली. रागावलेली, भुकेजलेली, गाव उठवणारी.

"अगं ए, रडतोय!" पानास अंगणात नाचत होता. "ये लवकर, मला खायला उठलाय तो!"

ती धावली. दारात पोहोचल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण एकदाही मागे वळून पाहिलं नाही. वळावंसंच वाटलं नाही. आपलं काही मागे राहिलंय ही जन्माची टोचणी गेली होती आणि तिच्या जागी दुसरं काही आलं नव्हतं. लेव्को घटाघटा पीत होता. तिला आनंद व्हायला हवा होता हे तिला कळत होतं.

पुढच्या शनिवारी शेजारणीकडून आंबवण आणून तिनं पाव केले. गोळे उचलले तर काठवट कोरडी. कडेला बोटभर पीठ चिकटलेलं नाही.

"तुझा छोटा पाव कुठाय?" पानासनं विचारलं.

"काही उरलं नाही."

"मग हा मोठ्यातला खा. भूक लागली असेल."

"नाही लागली," ती म्हणाली, आणि ते खरं होतं. त्यानंतर तिला भूक लागलीच नाही. वेळ झाली की जेवायची. थंडी वाजायची नाही, रागही यायचा नाही. लोक म्हणत, पोर झाल्यावर बाई किती शांत झाली बघा. पानासनं मात्र थट्टा करायची सोडली.

जूनच्या जत्रेला लेव्को साडेचार महिन्यांचा होता, गालांनी डोळे झाकलेला. नदीच्या खालच्या अंगाच्या गावची एक मडकी विकणारी बाई तिथं हात नाचवत गोष्ट सांगत होती.

"आमच्या बांधाशी विलोच्या झाडाच्या मुळांत एक वाडगा अडकलाय. आत काहीतरी पांढरं. आधी मुठीएवढं होतं, आता वाडग्याबाहेर आलंय. आमचा गडी काठीनं ढकलायला गेला, तर म्हणतो, काठी धरली! सासू माझी म्हणते, रडतं. मी म्हटलं, सासूबाई, तुम्हाला चर्चची घंटा ऐकू येत नाही आणि हे बरं ऐकू येतं!"

सगळे हसले. उस्तिना पोराला कडेवर घेऊन पुढे झाली.

"त्याला खायला घालतं का कुणी?"

बाईचं हसू विरलं. "सासू टाकते रोज चिमूटभर पीठ. म्हणते, राहवत नाही. का गं? तुझं काय हरवलंय का?"

उस्तिनानं टोपलीतून आठवड्याच्या पिठाची पिशवी काढली आणि मडक्यांच्या मधोमध ठेवली. कितीतरी महिन्यांनी तिचे डोळे भरून आले होते.

"सासूला दे," ती म्हणाली. "आणि सांग, शनिवारी जरा जास्त घालत जा. सवय आहे तिला, वाडग्यातलीला."